नितळ बर्फावरची पावले



चैत्राच्या उकाड्यात गोठलेल्या तळ्यांवर व्याख्यान ठेवणे म्हणजे श्रोत्यांना पंख्याऐवजी वक्ता देण्यासारखे आहे. पण या विषयाचे आपल्याशी जुने नाते आहे. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने सुमारे 180 टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला शंभरएक टन शिल्लक होता. पुढे हा बर्फ मुंबईला आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासच्या किनाऱ्यावरचे त्याचे कोठार आजही उभे आहे. मुंबईच्या शेटसावकारांच्या पेल्यात किणकिणणारा तो तुकडा अमेरिकेतल्या तळ्यांवर माणसांनी चालत जाऊन कापलेला असे. त्या चालण्याविषयी आज बोलू.

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. हजारो तळ्यांचा हा मुलूख. नोव्हेंबर सरता सरता तिथली उत्तरेकडची तळी गोठू लागतात आणि लोक गळ, दोरी, आमिष नि गिरमिट घेऊन निघतात. बर्फाला भोक पाडायचे, त्यात गळ सोडायचा आणि मासा लागेपर्यंत बसून राहायचे. तिथले मूळचे ओजिब्वे लोक लाकडी मासा पाण्यात नाचवून खऱ्या माशाला भोकाखाली बोलावीत आणि भाल्याने टिपीत. नव्या बर्फाखाली मासा चांगला लागतो असा जाणत्यांचा अनुभव आहे, म्हणून पहिल्या बर्फावर जाण्याची घाईही मोठी असते. खरा धोका या घाईतच आहे.

तळे आधी वरून का गोठते? पाणी सुमारे 4 अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असते. थंडी पडू लागली की वरचे पाणी जड होऊन खाली जाते. सगळे तळे 4 अंशांवर आले, की त्याहून गार होणारे पाणी हलके होऊन वरच राहते, आणि वारा पडलेल्या एखाद्या निरभ्र रात्री त्याची काच होते. ही काच हळूहळू खाली वाढते आणि वाढताना बरीचशी हवा बाहेर लोटते. म्हणून ती नितळ असते. तिच्यावर उभे राहिले की पायाखाली तळाचे दगड दिसतात, पाणवेली दिसतात, आणि पुढे नुसता काळोख दिसतो. पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता गंमत पाहा. भीती वाटावी असा हा काळा नितळ बर्फच सर्वांत भक्कम. डोळ्यांना सुरक्षित वाटणारा पांढराशुभ्र बर्फ पाण्यात भिजलेल्या हिमाचा बनलेला असतो, त्यात हवेचे बुडबुडे असतात, आणि त्याचे बळ निम्मेच धरतात. एका माणसाने चालायला नितळ बर्फ किमान 4 इंच, म्हणजे मुठीच्या रुंदीएवढा हवा, असे मिनेसोटाचे सरकारी खाते सांगते. पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. खोली दिसते म्हणून आपण घाबरतो आणि ती झाकली की निर्धास्त होतो. व्यवहारात आपण माणसांची पारख तरी याहून वेगळी करतो काय?

चार इंचांचा हा हट्ट का, हेही समजून घ्यावे. बर्फाची जाडी दुप्पट झाली की त्याची भार सोसण्याची ताकद ढोबळमानाने चौपट होते. म्हणजे 2 इंचांचा बर्फ 4 इंचांच्या निम्मा नव्हे, पावच समजायचा. आणि व्हिएन्नाचे पदार्थवैज्ञानिक जोसेफ स्टेफान यांनी 1891 साली मांडलेल्या गणिताप्रमाणे जाडी दुप्पट व्हायला थंडीही सुमारे चौपट लागते, कारण झालेला बर्फच खालच्या पाण्याचे पांघरूण होतो. वर हिम पडले तर दुसरे पांघरूण. पहिला इंच एका रात्रीत मिळेल; चौथ्यासाठी धीर धरावा लागतो.

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. बर्फावर मात्र मागच्याने फार शहाणे होऊ नये. पुढचा पार झाला म्हणून मागच्याला वाट मोकळी असे तिथे नसते. झरा जिथे वर येतो, ओढा जिथे मिळतो, लव्हाळी जिथे उभी असतात, बदकांच्या थव्याने जिथे पाणी उघडे ठेवलेले असते, तिथे दहा पावलांवर चार इंचांचा एक इंच होतो. म्हणून जाणता माणूस लोखंडी पहार घेऊन निघतो, दर दोन पावलांना पुढे घाव घालतो, आणि पहार सहज आरपार गेली की आपल्याच पावलांवरून मागे फिरतो. सोबती अंतर ठेवून चालतात. गळ्यात दोरीने बांधलेले दोन दाभण असतात. बर्फाचा गडगडाट ऐकून नवखा दचकतो, पण जाड बर्फही थंडीने आकसताना गर्जतो. विश्वास पहारीवर ठेवायचा.

आणि पडलेच तर? कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात स्वतः उतरून प्रयोग केले. त्यांचा हिशेब एक, दहा, एक असा आहे. पहिले एक मिनिट धापा टाकणारा श्वास ताब्यात आणण्याचे. पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात तेवढी. आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे गारठ्याने माणूस लगेच मरत नाही. मारते ती पहिल्या मिनिटातली घाबरगुंडी. आलो त्या दिशेला तोंड करावे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन नुकतेच पेललेले असते. दाभण रोवावेत, पाय मारीत पोटावर सरकावे, आणि बाहेर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे.

ट्यूडरच्याच काळातला एक माणूस आठवतो. गांधीजींनी ज्यांचा कायदेभंगावरचा निबंध वाचला, ते हेन्री डेव्हिड थोरो. 1845 ते 1847 या काळात ते वॉल्डन तळ्याकाठी राहत. तळ्याला तळच नाही, अशी तिथे वदंता होती. थोरोंनी 1846 च्या आरंभी बर्फाला भोके पाडून दोरी सोडली आणि खोली मोजली: 102 फूट. लोक पिढ्यान्‌पिढ्या वदंता ऐकत होते. दोरी एकाने टाकली.

मात्र मोजमाप एकदा करून भागत नाही. 29 डिसेंबर 2023 रोजी मिनेसोटातल्या अप्पर रेड तळ्यावर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून अधिक मासे धरणारे त्यावर अडकले. सगळे सुखरूप परतले, हे सुटका करणाऱ्यांचे यश. तो हिवाळा तिथे फारच उबदार होता. पृथ्वी तापत आहे तसा तळ्यांवरचा बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो. ‘आजोबा या तारखेला तळ्यावर जात असत’ हा पुरावा आता पुरत नाही. आजोबांची तारीख सोडावी, पण आजोबांची पहार सोडू नये.

आमच्या श्रोत्यांपैकी कोणाचा मुलगा, कोणाची सून आज त्या थंड मुलखात असेल. रविवारी शेजारी बोलावतील आणि ती मंडळी तळ्यावर निघतील. त्यांना जाऊ नका असे पत्र लिहू नये. जग पाहायलाच ती गेली आहेत. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण मात्र तिथे लागू नाही, एवढे लिहावे. आणि विचारावे, बर्फ किती इंच आहे, आणि तो मोजला कोणी?