हिशोबात आपले हात कुठे आहेत?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मला 'स्त्रिया आणि उद्योजकता' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे. मी मात्र परकराबद्दलच बोलणार आहे. साडीच्या आत नेसायचा साधा, सहा कळ्यांचा परकर. गेली चार वर्षे पुण्यातल्या एका वस्तीतल्या अकरा जणींबरोबर मी हे काम करते आहे. त्यात जे शिकले ते एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला कोणी शिकवले नव्हते.

बाईला काम द्यायचे म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवते ते शिवणयंत्र. सरकारी योजना असो, नगरसेवक असो की आपली संस्था, शिवणाचा क्लास ठरलेला. यंत्राचे वाटप होते, फोटो निघतो. पुढे शिवलेले कपडे कोण घेणार, काय भावाने घेणार, पैसे कधी देणार, हे त्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही. मीही सांगितले नव्हते.

या अकरा जणी आधी एका ठेकेदाराकडून कापून आलेले परकर घरी शिवत. एका परकराचे ८ रुपये. दोरा त्यांचा, वीज त्यांची, सुई मोडली तर तीही त्यांची. शिलाई वाकडी म्हणून दोन-चार नग परत आले की त्याचे पैसे कापले जात. ठेकेदार कोणत्या दुकानाला माल देतो हे एकीलाही माहीत नव्हते. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि मी मोठ्या उत्साहाने म्हटले, "आपणच कापड आणू, आपणच शिवू आणि थेट दुकानात देऊ. मधला माणूस कशाला?"

मधला माणूस नेमके काय काय करत होता, हे तो गेल्यावर कळले.

पहिली फेरी रविवार पेठेत आणि लक्ष्मी रोडवर झाली. आम्ही चौघी नमुन्याचे सहा परकर घेऊन गेलो. मॅचिंग सेंटरवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "शेड किती?" आम्ही म्हटले, सहा. तो हसला. साडीला रंग जुळला नाही तर गिऱ्हाईक परकर घेत नाही, त्याला पस्तीस-चाळीस शेड लागतात. प्रत्येक रंगाचे कापड भरून ठेवायचे म्हणजे तेवढे भांडवल अडकवायचे. पुढचा प्रश्न, "पाण्यात आटतो का? रंग जातो का?" आम्ही धुऊन पाहिलेच नव्हते. परकराचा रंग साडीला लागला तर गिऱ्हाईक भांडायला दुकानदाराकडे येणार, आमच्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुकानदार सगळे माझ्याशी बोलत होता, "मॅडम, मॅडम" करत. ज्यांनी परकर शिवला त्या तिघी मागे उभ्या होत्या. मीही त्यांच्या वतीने उत्तरे देत होते. ठेकेदाराची जागा मी घेतली होती. फरक इतकाच की माझा पगार संस्थेकडून येत होता.

मग हिशोबाला बसलो. फळ्यावर मी लिहिले: दोन मीटर कापड १०० रुपये, नाडी ४, दोरा ३, ओव्हरलॉक बाहेरून ५, येण्याजाण्याचे ३. एकूण ११५. दुकानदार १३० द्यायला तयार होता. म्हणजे नगामागे १५ रुपये उरतात, ठेकेदाराच्या जवळजवळ दुप्पट! मी खूश होते. आमच्यातल्या सर्वांत वयस्क मावशी बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, ह्याच्यात नाडी हाय, दोरा हाय. माझं हात कुठं लिवलंत?"

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. घरकामाला मोल नाही, ते मोजले जात नाही, हे मी कितीतरी शिबिरांत बोलले आहे. आणि इथे माझ्याच हाताने लिहिलेल्या हिशोबात नाडीला ४ रुपये होते आणि बाईच्या श्रमाला रकानाच नव्हता. तिची मजुरी म्हणजे सगळ्यांचे देऊन उरेल ते.

मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही घड्याळ लावून मोजले. कापणे, शिवणे, नाडी ओवणे, धागे काढणे, इस्त्री, घडी, सगळे धरून एका परकराला ४० मिनिटे लागतात. आठ तासांत बारा नग, म्हणजे १८० रुपये. त्यातून वीज, यंत्राची दुरुस्ती आणि वाया गेलेले कापड जाते. दोघी जणी आठवड्यातले दोन दिवस दुकाने फिरत, ते दिवस तर कुठेच धरलेले नव्हते. तरी तोवर शब्द देऊन झाला होता, म्हणून पहिला माल आम्ही १३० नेच दिला. ही माझी दुसरी चूक.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडली. तीन दुकानांत मिळून बारा डझन परकर दिले. १८,७२० रुपयांचा माल. दिला तो जांगड, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. लिहून घेतले काहीच नाही. ओळखीचे दुकान आहे, कशाला अविश्वास दाखवायचा, असे मीच म्हटले होते. दसरा गेला, दिवाळी गेली. "पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य किती वेळा ऐकले त्याला मोजदाद नाही. चार महिन्यांनी हातात आले ९,००० रुपये आणि ४१ परकर परत. काचेत लावून ठेवल्याने घडीवर रंग उडालेले. ते आठवडे बाजारात ७० रुपयांना विकले. उरलेली बाकी आजही यायची आहे.

कापडाचे पैसे बचत गटातून कर्जाने काढले होते. त्याचे हप्ते थांबले नाहीत. दोघींच्या घरी नवऱ्यांनी ऐकवले, "झाला का धंदा करून?" एक जण पुन्हा ठेकेदाराकडे ८ रुपयांवर गेली. तिला थांब म्हणायचा मला अधिकार नव्हता. दुकानदार पैसे थकवतो तेव्हा तो आपल्याच पैशावर दुकान चालवत असतो. अकरा गरीब बायका एका पेढीला बिनव्याजी भांडवल पुरवत होत्या, त्याचे नाव उधारी.

नंतर आम्ही कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता, म्हणून तुम्हाला सांगते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. तुमचे सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणीपत्र असेल, तर लेखी करार नसताना घेणाऱ्याने १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. दाद मागायला राज्यात सुविधा परिषदा आहेत. ही नोंदणी २०२० पासून ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. जांगड मालाबद्दल १९३० चा माल विक्री कायदा सांगतो की परत करण्याची मुदत ठरली असेल आणि त्या मुदतीत माल परत आला नाही, तर तो विकला गेला असे धरले जाते. म्हणून चिठ्ठीवर तारीख हवी. दुकानदाराची सही हवी.

अर्थात तक्रार केली की ते दुकान कायमचे तुटते, हेही खरे. म्हणून आम्ही आपले नियम केले. निम्मे पैसे माल देतानाच घ्यायचे. जांगड फक्त एका महिन्याचा. मळलेला, रंग उडालेला नग परत घ्यायचा नाही. एका दुकानात एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त द्यायचे नाही. कापड कापण्याआधी भिजवून वाळवायचे आणि प्रत्येक ताक्याचा तुकडा पांढऱ्या फडक्याबरोबर धुऊन बघायचा. आणि दुकानात बोलणार त्या दोघी, मी नाही.

भावाचा रकानाही बदलला. मजुरी पहिल्या ओळीत. तासाला ४५ रुपये धरून नगाला ३०. साहित्याचे ११५, वीज व यंत्र ३, तूट ५, विक्रीला जाणाऱ्यांचे ७. झाले १६०. या भावाला साधा परकर कोणी घेईना. कारखान्यातून येणाऱ्या मालाशी आम्ही भावात टिकणार नाही, हे मान्य करावे लागले.

वाट सुचली ती मंडईत भाजी विकणाऱ्या एका गटातल्या बाईमुळे. तिने स्वतःच्या परकराला आतून चेनचा खिसा लावून घेतला होता. कनवटीला बांधलेले पैसे पडतात, पिशवी गल्ल्यावर विसरते. आम्ही मोठ्या मापाचे, जास्त उंचीचे, खिशाचे परकर करायला लागलो, फक्त आठ गडद रंगांत. खर्च १७८, देतो १८५ ला, दुकानदार २४० ला विकतो. मंडईजवळची दोन लहान दुकाने नियमित घेतात. ठेकेदाराकडे गेलेली मैत्रीण मागच्या वर्षी परत आली. महिन्याचा खप अजून फार नाही, सगळ्यांना रोज काम मिळत नाही. पण ज्या दिवशी काम असते त्या दिवशीची मजुरी ठरलेली असते.

अहमदाबादच्या 'सेवा'ने १९७२ मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदणी केली. एकेकटीने केलेल्या कामाचा भाव एकेकटीला ठरवता येत नाही, हे त्यामागचे शहाणपण होते. घरखेपी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये झाला. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. म्हणजे घरात बसून शिवणाऱ्या बाईचे हात देशाच्या हिशोबातही नीट लिहिलेले नाहीत.

शेवटी तुम्हा कार्यकर्त्यांना एक विनंती. ८ मार्चला स्टॉल लावून दयेपोटी आमचे परकर घेऊ नका. तुमच्या वस्तीत शिवणाचा क्लास सुरू होईल तेव्हा पहिल्या आठवड्यात एक दिवस फळा आणि घड्याळ घेऊन बसा. बाईला तिचा वेळ मोजू द्या, भाव तिलाच लिहू द्या आणि दुकानात तिलाच पुढे उभी करा. आपण मागे उभे राहायला शिकू.