लोक साइटवरून पळतात, की पुढे जातात?

आजचा एपिसोड छोटाच आहे, पण स्वतःची किंवा घरच्या धंद्याची वेबसाइट असेल तर शेवटपर्यंत ऐका.

आमच्या भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडे, ओळखीच्या एका काकांचं होमस्टे आहे. नागझिऱ्याला जाणारे पर्यटक तिथे थांबतात. साइट मी करून दिली. तिच्यावर दोन बटणं: एक सफारी बुकिंगचं, ते वन विभागाच्या साइटवर नेतं, दुसरं व्हॉट्सअ‍ॅपचं. एक दिवस काका म्हणाले, "काहून रे, लोक येतात अन् पळतात. बंद करून टाक ते साइट."

मी अ‍ॅनॅलिटिक्स उघडलं. माणूस आला हे दिसत होतं, पण गेला कुठे ते नाही. कारण सोपं आहे. आपली स्क्रिप्ट फक्त आपल्या पानावर चालते, वन विभागाच्या पानावर नाही. म्हणून क्लिक निघतानाच पकडावा लागतो.

पूर्वी यासाठी हाताने कोड लिहावा लागायचा. त्यातही गंमत अशी, की क्लिकची नोंद सर्व्हरला पोचायच्या आधीच ब्राउझर पान बंद करायचा अन् नोंद गायब! 'सेंड-बीकन' हे फंक्शन त्यासाठीच आहे. पान बंद झालं तरी नोंद मागच्या मागे पाठवली जाते. आता गूगल अ‍ॅनॅलिटिक्स 4 मध्ये 'एन्हान्स्ड मेजरमेंट' चालू असलं, की दुसऱ्या डोमेनवर नेणारे क्लिक आपोआप मोजले जातात. आमच्याकडे ते बंद होतं.

चालू केल्यावर कळलं, की बरेच जण सफारीचं बटण दाबून जात होते. म्हणजे पळत नव्हते, आधी सफारी बघत होते! मग ती लिंक नव्या टॅबमध्ये उघडेल असं केलं आणि खाली लिहिलं, 'सफारी ठरली? खोलीसाठी इथे मेसेज करा.' साइट वाचली.

पण क्लिक म्हणजे बुकिंग नाही, हं. तिकीट काढलं की नाही, हे आपल्याला दिसत नाही.

काकांनी विचारलं, "कोणी दाबलं, त्याचा नंबर दिसते का?" म्हटलं, नाही, अन् दिसूही नये. समजा ती लिंक दवाखान्याची किंवा कर्जाची असती तर? कोणी दाबली, हे त्या माणसाचं गुपित झालं. म्हणून लिंकच्या पत्त्यात कुणाचा फोन नंबर, ईमेल घालू नका. तो थेट अ‍ॅनॅलिटिक्समध्ये जातो, आणि गूगलच्या नियमांतही ते बसत नाही. 2023 पासून आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदाही आहे.

क्लिक मोजा, माणसाचा माग काढू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!