गाडीचा हीटर गार वारा का फेकतो?

बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण कर्ज, हप्ते, पापड-मसाले यांवर नेहमीच बोलतो. आज बोलूया गटाच्या गाडीबद्दल. आता पुष्कळ गटांकडे स्वतःची गाडी आहे. आमच्याकडेही एक जुनी, दुसऱ्या हाताची गाडी आहे आणि ती आमच्यातलीच एक ताई चालवते.

आमचा निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध. डिसेंबर-जानेवारीत पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पहाटे भाजी घेऊन नाशिकच्या बाजाराला निघालं, की आत सहा-सात बायकांच्या श्वासाने समोरची काच धुरकट होते. हीटर चालला तर काच लवकर साफ होते. तो गार वारा फेकू लागला, तर ताईला एका हाताने काच पुसत दुसऱ्या हाताने गाडी चालवावी लागते. समोरून उसाची ट्रॉली येत असेल, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून हीटरला आम्ही चैन समजत नाही.

आधी हीटर चालतो कसा, ते पाहू. घरातल्या हीटरसारखी त्यात विजेवर तापणारी तार नसते. इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट नावाचं रंगीत पाणी वाहून नेतं. त्यातलं थोडं गरम कूलंट दोन पाइपांमधून डॅशबोर्डामागच्या एका छोट्या जाळीत जातं. पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो, हवा गरम होते. म्हणजे आपला पाण्याचा बंबच समजा. बंबात पाणी नसेल, पाणी तापलं नसेल किंवा नळी तुंबली असेल, तर आंघोळ गारच होणार!

तपासणी याच क्रमाने करायची. इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वारा गारच येतो, तो बिघाड नव्हे. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालल्यावरही गारच असेल, तर पुढचं पाहा.

पहिलं, कूलंट. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. प्लास्टिकच्या डबीवर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात, पातळी त्यांच्यामध्ये हवी. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पुढच्या पायापाशी मॅट ओली, गाडीत गोडसर वास आणि काचेवर चिकट थर, ही आतली जाळी गळत असल्याची खूण. अशी गाडी तशीच दामटली तर इंजिन तापून बसतं, आणि तो खर्च गटाला झेपत नाही.

दुसरं, तापमानाचा काटा. गाडी बरीच चालूनही काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय घ्या. कूलंटला रेडिएटरकडे सोडणारं हे छोटं दार. ते उघडंच राहिलं, की इंजिन नीट तापत नाही. ते बदलून मिळतं.

तिसरं, ते दोन पाइप. काटा मधे आहे, कूलंट पुरेसं आहे, तरी वारा गार. तेव्हा हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालवा, मग इंजिन बंद करा आणि जाड फडक्याने दोन्ही पाइप चाचपा. पदर, ओढणी, वेणी आवरून घ्या. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो. दोन्ही पाइप गरम असतील, तर गरम पाणी येतंय. आतली झडप किंवा तिची तार अडकली आहे. एक गरम, एक गार असेल, तर बहुधा जाळी तुंबली आहे. दोन्ही गार असतील, तर पाणी पोचतच नाही: व्हॉल्व्ह बंद, पंप खराब किंवा आत हवा अडकलेली.

आमच्या गाडीत एक पाइप चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. गॅरेजवाल्या दादांनी पाहताक्षणी सांगितलं, अख्खा हीटर बदला. खजिनदार वहिनींनी विचारलं, "दादा, आधी जाळी धुऊन बघितली तर?" त्यांनी पाइप काढून उलट बाजूने, कमी दाबाने पाणी सोडलं. तांबूस गाळ आणि पांढरे कण बाहेर आले. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं होतं. हंड्याला जसा क्षाराचा थर बसतो, तसाच आत बसला होता. नवं कूलंट भरलं, हवा काढली, आणि वारा गरम झाला. नव्या हीटरचे पैसे गटाच्या खात्यातच राहिले. धुऊनही जमलं नसतं, तर बदलावाच लागला असता, तेही खरं.

म्हणून बोअरचं पाणी नको. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट घ्या. ते तयार मिश्रण नसेल, तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. सांडलेलं लगेच पुसा, कॅन मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवा.

आणि वाटेतच हीटर बिघडला तर? बाहेरची हवा आत घेणारं बटण लावा, खिडकी दोन बोटं उघडा, एसी असेल तर तो काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा शोषतो. तरीही दिसत नसेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबा. बाजार अर्धा तास उशिरा गाठला तरी चालेल.

गॅरेजला जाताना कूलंटची पातळी, काटा, दोन्ही पाइप आणि गळती या चार गोष्टी वहीत लिहून न्या. हप्त्याची वही आपण ठेवतोच, गाडीचीही ठेवूया. पैसा आपला, गाडी आपली, मग प्रश्नही आपणच विचारायचे.