जुना कॅमेरा बदलण्यापूर्वी

आमचें ऊर्जानगर म्हणजे एका बाजूस औष्णिक विद्युत् केंद्राच्या चिमण्या आणि दुसऱ्या बाजूस ताडोबाचें अरण्य. अशा ठिकाणीं राहणाऱ्या निवृत्त शिक्षकास छायाचित्रांचा नाद लागला, तर त्यांत नवल तें काय? माझा कॅमेरा निकॉनचा डी-९०, म्हणजे २००८ सालीं बाजारांत आलेला. गेल्या उन्हाळ्यांत सूर्य मावळतां मावळतां बांबूंतून एक वाघीण आपल्या दोन बछड्यांसह पाणवठ्यावर उतरली. मीं अकरा वेळां कळ दाबली. आणि घरीं येऊन पाहतों तों अकराही चित्रांत अंगावरचे पट्टे ओल्या बोटानें पुसावेत तसे पुसट!

दुकानदार म्हणाले, "गुरुजी, कॅमेरा म्हातारा झाला, नवा घ्या." आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, चित्र कशानें बिघडलें तें आधीं दाखवा, मग पैशांचें बोला." तिचें म्हणणें मला अधिक शास्त्रशुद्ध वाटलें. पेन्शनच्या शिलकेस हात लावावयाचा, तर रोगाचें निदान आधीं व्हावयास हवें.

डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तें कसें घेतलें याची नोंद ठेवतो. ती वाचली. माझें भिंग ७० ते ३०० मिलिमीटरचें. पूर्ण लांबविलें कीं त्याचें छिद्र एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. प्रकाशग्रहणाची तीव्रता, म्हणजे आयएसओ, १६०० होती, आणि पडदा सेकंदाचा १२५ वा भाग उघडा राहिला होता. चालत्या जनावरासाठीं हा अवधि फार मोठा. भिंगांतील कंपनिवारक योजना आपला हात स्थिर करते, वाघिणीचे पाय नव्हेत!

तरीहि दोष भिंगाचा नसेलच कशावरून? म्हणून एके सकाळीं इरई धरणाच्या कांठीं लख्ख उन्हांत, त्याच भिंगानें, सेकंदाच्या ५०० व्या भागांत बगळे टिपले. पीसन् पीस स्पष्ट उमटलें. भिंग निर्दोष ठरलें.

आतां त्रैराशिक मांडूं. १२५ व्या भागावरून ५०० व्या भागावर जावयाचें, तर प्रकाश चौथाई उरतो. ती तूट भरून काढण्यास आयएसओ चौपट, म्हणजे ६४०० हवा. डी-९० ची नेहमींची मर्यादा ३२०० ची. पुढें ताणतां येतो, पण चित्रावर रवाळ दाणा उठतो. दुसरा मार्ग एफ २.८ च्या भिंगाचा. त्यांतून चौपट प्रकाश येतो, परंतु इतक्या लांब पल्ल्याचें तसें भिंग माझ्या खांद्यास आणि खिशास, दोहोंसही झेपणारें नाहीं.

"आधीं भिंग, मग कॅमेरा" असें जाणते लोक म्हणतात, आणि बहुधा तें खरेंच असतें. पण जुन्या कॅमेऱ्यास एक अडचण असते. निकॉनच्या २०० ते ५०० मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र विजेच्या इशाऱ्यानें मिटतें, आणि डी-९० ला तो इशारा देतां येत नाहीं. छिद्र सदैव उघडेंच राहतें. एएफ-पी जातीचीं भिंगें तर त्यावर नेमच साधीत नाहींत. म्हणून भिंग घेण्यापूर्वीं तें आपल्या कॅमेऱ्याशीं जुळतें कीं नाहीं, हें विचारून घ्यावें.

मग २०१८ पासून निघालेले झेड मालिकेचे आरसाविरहित कॅमेरे कां नकोत? ते उत्तमच आहेत. परंतु माझ्याजवळ ५० मिलिमीटरचें जुनें एएफ-डी भिंग आहे. घरच्या मंडळींचीं सारीं चित्रें त्याचींच. त्याचा नेम साधणारी मोटार कॅमेऱ्यांत असावी लागते, आणि निकॉनच्या जोडकड्यावरून नव्या कॅमेऱ्यास लावल्यास तें आपोआप नेम साधीत नाहीं.

अखेर मीं २०१६ सालीं निघालेला डी-५०० वापरलेल्या स्थितींत घेतला. त्याची नेहमींची मर्यादा ५१२०० ची, म्हणून ६४०० त्यास जड नाहीं. नेम साधण्यास डी-९० मध्यें ११ बिंदु, यांत १५३. आणि दोन्ही जुनीं भिंगें त्यावर बिनतक्रार चालतात. वापरलेला कॅमेरा घेतांना पडदा किती वेळां उघडला आहे तें मात्र पाहावें. या कॅमेऱ्याचा पडदा दोन लक्ष वेळांच्या कसोटीस उतरलेला आहे.

आणखी एक सूचना आमच्या गांवच्या अनुभवाची. येथें राख आणि कोळशाची धूळ हवेंत असते. उघड्यावर भिंग बदलूं नये.

श्रोतेहो, ती वाघीण पुन्हा त्याच पाणवठ्यावर, त्याच प्रकाशांत दिसेल अशी आशा या वयांत मीं कितीशी धरावी? पण अकरापैकीं एकही चित्र मीं पुसून टाकलेलें नाहीं. नवें काय घ्यावें हें जाहिरातीस विचारूं नका; आपल्या बिघडलेल्या चित्रांना विचारा. तीं खोटें बोलत नाहींत, आणि कित्येकदां पैसा न खर्चतांच तुमची चूक सुधारून देतात. डी-९० आतां माझ्या नातीजवळ आहे. बगळे ती माझ्याहून चांगले टिपते.