कंट्रोल-एस दाबल्यावर

वर्षानुवर्षं विंडोजवर काम केलेला माणूस एखाद्या जुन्या लिनक्स सर्व्हरवर विम हा एडिटर उघडतो. चार ओळी लिहितो आणि साठवण्यासाठी हात सवयीनं कंट्रोल-एसवर जातो. पडदा थिजतो. मग तो चिडून दिसेल ती कळ दाबतो आणि शेवटी खिडकीच बंद करतो.

एडिटर मात्र धडधाकट असतो. टर्मिनलच्या लेखी कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू ठेव’. या खुणा टेलिटाईप यंत्रांच्या काळातल्या. १९६३ साली आलेलं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं, आणि या खुणांनी त्याच्या कागदी फितीचा वाचक थांबवता आणि सुरू करता यायचा. कंट्रोल-क्यू दाबलं की पडदा जागा होतो. पंचाईत एवढीच की रागाच्या भरात दाबलेल्या कळाही एडिटरपर्यंत पोचलेल्या असतात, आणि त्यांचा परिणाम एकदम समोर येतो. अलीकडच्या विमनं ही अडचण दूर केली आहे. पण सर्व्हरवर अलीकडचं काही असेलच असं नाही.

विमचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी बर्कलीत १९७६च्या सुमारास लिहिलेला. त्यांच्यापुढे एडीएम-३ए हे टर्मिनल होतं. त्यावर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या कळांवरच छापलेल्या होत्या आणि एस्केपची कळ आज टॅब असते तिथे, क्यूच्या शेजारी होती. त्या काळी ती हाताशी होती. आज तिच्यासाठी बोट ताणावं लागतं.

पुढे बाणांच्या स्वतंत्र कळा आल्या त्या वेगळंच दुखणं घेऊन. वरचा बाण टर्मिनलमधून एकटा जात नाही. बहुधा एस्केप, मोठा ओ आणि मोठा ए अशी तिघांची रांग जाते. ही रांग म्हणजे बाण, हे एडिटरला ओळखता आलं नाही, तर तो तिघांना सुटं सुटं वाचतो: एस्केपनं लेखन थांबतं, ओनं वर नवी ओळ उघडते आणि त्या ओळीत ए उमटतो. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. अशा वेळी ‘टर्म’ या चलात टर्मिनलचं नाव बरोबर आहे का, हे आधी पाहावं. मग विम ‘क्लीन’ हा पर्याय देऊन, म्हणजे स्वतःच्या सेटिंगशिवाय, उघडावा. दोष तिथे नाहीसा झाला, तर तो आपल्याच सेटिंग फायलीत किंवा प्लगइनमध्ये आहे.

कंट्रोल-झेडची गंमत आणखी वेगळी. ती दाबली की विम नाहीसा होतो आणि माणूस समजतो, सुटलो. प्रत्यक्षात विम मागे थांबवून ठेवलेला असतो. तीच फाईल पुन्हा उघडली की विमनं चालू कामाची नोंद ठेवलेली स्वॅप फाईल सापडल्याचा लांबलचक इशारा येतो. घाबरून ती स्वॅप फाईल पुसून टाकणारे कमी नाहीत, आणि न साठवलेला मजकूर परत मिळण्याची आशा तिच्यावरच असते. इशाऱ्यात आधीच्या विमची प्रक्रिया अजून चालू आहे असं म्हटलेलं असेल तर ‘क्विट’ निवडावं आणि ‘एफजी’ लिहून आधीच्या विममध्ये परतावं. वीज जाऊन किंवा जोडणी तुटून तो खरोखरच मेला असेल तर ‘रिकव्हर’ निवडावं, मजकूर तपासून साठवावा, आणि मगच स्वॅप काढून टाकावी.

एडिटर अर्धवट मेल्यावर मागे राहिलेलं टर्मिनलही कधी कधी टाईप केलेलं दाखवत नाही. तेव्हा न दिसताच ‘रिसेट’ लिहून एंटर दाबायचं.

मराठीत लिहिणाऱ्यांचा त्रास मात्र इतक्यानं भागत नाही. टर्मिनलचा पडदा चौकटींचा, आणि ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक दिसणारं अक्षर साठवताना ६ संकेतांचं, यूटीएफ-८मध्ये १८ बाइटचं. त्याला किती चौकटी लागतात याचा हिशेब टर्मिनल आणि एडिटर आपापला करतात. तो जुळला नाही की कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडलं जातं दुसरंच. कंट्रोल-एल दाबून पडदा नव्यानं रंगवला तर मागे उरलेला कचरा जातो, हिशेबातला फरक जात नाही. खात्री करायची असेल तर विममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून ‘जी’ आणि ‘८’ या कळा एकापाठोपाठ दाबाव्यात. कर्सरखालचे खरे बाइट खालच्या ओळीत दिसतात.