जमावाच्या हिशोबावर सही नसते



मागच्या बैठकीत आमच्या बचत गटाचे हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि विषय निघाला मोबाईलवर आलेल्या मेसेजचा. मुलं पळवणारी टोळी म्हणे आपल्या भागात फिरतेय. एक ताई उसळून म्हणाल्या, "सापडला की तिथंच संपवायचा! सीमेवर जवान शत्रूला मारतो, त्याला आपण हार घालतो. मग लेकरासाठी आपण मारलं तर पाप कसलं?"

आम्हाला पटकन उत्तर सुचेना. आमच्यातल्या एका मावशींचा मुलगा सैन्यात आहे. त्या हळूच म्हणाल्या, "माझा पोरगा स्वतःच्या रागापायी गोळी झाडत नाही. हुकूम लागतो, आणि झाडलेल्या गोळीचा जाब द्यावा लागतो. हात वर केलेल्याला तर मारायचंच नसतं."

मैत्रिणींनो, लढाईतलं मारणं हेही मारणंच. त्याचा आनंद कुणा आईला होत नाही. पण तिथं नियम आहेत. १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. सुमारे ९३ हजार लोक भारताच्या ताब्यात होते. त्यांना छावण्यांत ठेवलं, जेवू घातलं आणि पुढे त्यांच्या देशात परत पाठवलं. ते तर शत्रू होते!

आता आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावानं पकडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मरेपर्यंत मारलं. ते निर्दोष होते. शत्रूला मिळालं तेवढंही अभय त्यांना मिळालं नाही.

पण पोलीस दाद देत नसतील तर? हाही प्रश्न खरा आहे. २००४ साली नागपुरात एका गुंडाला जमावानं कोर्टातच ठार केलं. त्याच्या छळानं वस्तीतल्या बाया पिचल्या होत्या, तक्रारी करून थकल्या होत्या. त्यांचं दुःख ऐकून आमचेही डोळे भरतात. पण राईनपाड्यातल्या जमावालाही आपला राग खराच वाटला होता. चोर कोण आणि साव कोण, हे रागाला कळत नाही. ते तपासायला चौकशी लागते, साक्षीपुरावा लागतो.

कुणी आपल्या लेकराला ओढून नेत असेल, तर त्याला जोर लावून अडवायचा हक्क कायद्यानं आपल्याला दिलेला आहे. पण तो पकडला गेला, धोका टळला, की तो हक्क तिथंच संपतो. त्यानंतरची प्रत्येक लाथ हा गुन्हा आहे.

आपल्या गटात दहा रुपयांचाही हिशोब सहीशिवाय होत नाही. जमाव माणसाचा जीव घेतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, "मी नव्हतो." ज्या कामाखाली कुणी सही करायला तयार नाही, त्याला न्याय कसं म्हणायचं?

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. असला मेसेज पुढे पाठवायचा नाही. अनोळखी माणसावर संशय आला, तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, पोलीस पाटलांना बोलवायचं आणि ११२ नंबर लावायचा. गर्दी जमली, तर आपण बायांनी त्याच्याभोवती कडं करून उभं राहायचं. पोलीस आले नाहीत, तर सगळ्यांनी मिळून ठाण्यात जायचं, पुन्हा पुन्हा जायचं.

त्या दिवशी उसळलेल्या ताईंनीच ठरावावर पहिली सही केली. तुमच्याही गटात हा विषय घ्या.