शिडीवरची जागा

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या बाजूला, कोहिनूर नावाचे गाव आहे. नाव ऐकताच हिरा आठवतो, आणि गावी आलेला परका माणूस त्या नावाची कथा विचारल्यावाचून राहत नाही. गावकऱ्यांना तिचे फारसे अगत्य नसते. त्यांच्या बोलण्यात तूर, ऊस, पाऊस आणि मुलांची शाळा हे विषय असतात. या भागात घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी असा प्रकार सर्रास आढळतो. कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानांवरून जातात. तांड्यांवर लमाणी बोली चालते. पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले आणि बसवकल्याण, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेघ ओढली गेली. मुलांच्या जिभेवर मात्र तिचा परिणाम फारसा झाला नाही.

अशा गावच्या प्राथमिक शाळेत सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी येते तेव्हा वर्गात काय घडते, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. सरकारी शाळा मराठी आणि उर्दू माध्यमांच्याही आहेत. परंतु कन्नड माध्यमाच्या शाळेत बसणाऱ्या कित्येक मुलांची घरची भाषा कन्नड नसते. त्यात शिक्षक एक किंवा दोन, आणि इयत्ता तीन-चार. पहिलीला शिकवावे तर तिसरी गोंगाट करते, तिसरीला गणित घालावे तर पहिलीतील मुले दाराबाहेर पडतात. हा अनुभव महाराष्ट्रातील एकशिक्षकी शाळांच्या गुरुजींनाही नवा नाही.

कर्नाटकात या अडचणीवर एक उपाय निघाला, आणि तो राजधानीतील कचेरीत नव्हे, तर एका मागासलेल्या तालुक्यात निघाला. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे हा रानाच्या कडेचा तालुका. १९९५ साली तेथील काही शिक्षक आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीला गेले. जे. कृष्णमूर्तींच्या त्या संस्थेने आसपासच्या वाड्यांवर एकशिक्षकी लहान शाळा चालविल्या होत्या आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाऐवजी कार्डांची एक पद्धती तयार केली होती. शिक्षक ते पाहून परतले आणि युनिसेफच्या साहाय्याने त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या मुलांसाठी कार्डे लिहावयास घेतली. पद्धतीला नाव दिले 'नली-कली'. कन्नडात नली म्हणजे आनंदाने नाच, बागड. आणि कली म्हणजे शीक. पुढे २००९-१० पासून राज्यातील कन्नड माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांच्या खालच्या इयत्तांत ही पद्धती लागू झाली, आणि म्हैसूरच्या रानाकडेचा प्रयोग बिदर-कलबुर्गीच्या काळ्या मातीत येऊन पोहोचला.

नली-कलीच्या वर्गात बाके नसतात. पहिली, दुसरी आणि तिसरीची मुले एकत्र, जमिनीवर, लहान लहान मंडळे करून बसतात. या मंडळांना 'तट्टे' म्हणतात. तट्टे म्हणजे ताट. एका ताटातील मुलांना शिक्षकाची पूर्ण मदत असते, दुसऱ्यातील मुलांना थोडी. तिसऱ्यात सोबती सोबत्याला सांगतो, आणि शेवटच्या ताटातील मूल आपले आपण काम करते. शिक्षक खुर्चीवर बसू लागला तर त्याला त्या वर्गात काहीच दिसणार नाही, म्हणून तोही मुलांबरोबर खाली बसतो. भिंतीच्या तळाशी, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर, काळा फळा रंगविलेला असतो आणि त्यात प्रत्येकाचा एक चौकोन. माथ्यावर दोऱ्यांचे जाळे बांधलेले असते. त्याला 'चप्पर' म्हणतात. आपल्या छप्पराचाच तो भाऊ. मुलांनी काढलेली चित्रे, कापलेले कागद, लिहिलेले शब्द त्या दोऱ्यांना टांगतात. वर्गात आलेल्या पालकाची मान प्रथम वर जाते आणि तो आपल्या मुलाचा कागद शोधू लागतो. लिहितावाचता न येणाऱ्या बापालाही तो सापडतो, कारण मूल बोट दाखविते.

भिंतीवर आणखी एक वस्तू असते, आणि सर्व पद्धतीचे मर्म तिच्यात आहे. ती म्हणजे 'कलिका एणी', शिकण्याची शिडी. तिच्या पायऱ्या ओळीने आखलेल्या असतात. काही पायऱ्या मिळून एक 'मैलिगल्लु', मैलाचा दगड, होतो. प्रत्येक पायरीवर एक लहान चित्र असते आणि त्याच चित्राचे कार्ड पेटीत असते. मूल शिडीवर आपली पायरी पाहते, कार्ड शोधते, आपल्या ताटात जाऊन बसते. एखाद्या पायरीवर गाणे असते, एखाद्या पायरीवर बिया मोजणे, एखादीवर लिहिणे. आणि मधूनमधून एक पायरी अशी, की जेथे झाले तेवढे आले की नाही याची पारख होते. आले नसेल तर पुन्हा तेच. परीक्षा येते, पण ती आली हे मुलाला बहुधा कळतही नाही.

अक्षरओळखीची रीत तर मुद्दाम पाहण्याजोगी आहे. आपण सर्वांनी मुळाक्षरे अ-आ-इ-ई या क्रमाने घोकली. कन्नड वर्णमालेत ४९ अक्षरे. त्यांपैकी पहिली दहा-बारा पाठ झाली तरी मुलाला एकही उपयोगाचा शब्द वाचता येत नाही. नली-कलीतील शिक्षकांनी क्रम मोडला. त्यांनी प्रथम पाच अक्षरे घेतली : र, ग, स, द, अ. या पाचांतून लगेच शब्द होतात. अरस म्हणजे राजा. अगस म्हणजे परीट. गरगस म्हणजे करवत. सर म्हणजे माळ, दर म्हणजे भाव. शाळेत येऊन थोडेच दिवस झालेले मूल राजा, परीट आणि करवत वाचू लागते. पुढची पाच अक्षरे ज, व, म, ब, न ही. त्यांतून जन, मन, वन आले, झाडाला मर आला, मुलाला मग आला.

मराठी घरातून आलेल्या मुलाची येथे मौज होते. सर आणि दर हे शब्द त्याच्या ओळखीचे. मोत्यांचा सर आईच्या बोलण्यात असतो आणि तुरीचा दर बापाच्या. उच्चार मात्र निराळा. मराठीत शेवटचा अ आपण गिळतो. कन्नडात तो पुरा म्हणावा लागतो. 'मग' म्हटल्यावर तो पुढच्या गोष्टीची वाट पाहतो, कारण त्याच्या घरी मग नंतर काहीतरी येते. येथे तर मुलगाच आला. 'मर' या शब्दाला तर वर्ग हसल्यावाचून राहत नाही. 'तायि' म्हणजे आई हे कळेपर्यंत तो आपल्या ताईचाच विचार करीत असतो. चतुर शिक्षक हे हसणे दाबीत नाही. अक्का, अण्णा, तूप हे शब्द मराठीने कन्नडकडून घेतले, हे त्याला ठाऊक असते. तो तूप आणि तुप्प हे शब्द शेजारी शेजारी लिहितो, आणि घरची भाषा शाळेच्या उंबरठ्याबाहेर जोड्यांबरोबर काढून ठेवण्याची वस्तू नाही, हे मुलाला न सांगता समजते. सीमेवरच्या शिक्षकाला दोन भाषा येणे ही नुसती सोय नव्हे. तो त्याच्या कामाचा अर्धा भाग आहे.

परंतु या भागात शिडीचे खरे मोल कळते ते दिवाळीनंतर. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मागे सांभाळणारी आजी असेल तर मूल गावी राहते. नसेल तर तेही बैलगाडीत वा ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याच्या पालावर जाते. काही कुटुंबे बांधकामावर मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठतात. शाळेच्या पटावर नाव राहते आणि जागा रिकामी होते. मूल परत येते तेव्हा पुस्तकाचे निम्मे धडे होऊन गेलेले असतात. पुस्तक सर्वांचे एकच, आणि ते पुढे गेलेले. शेजारचा सोबती गुणाकार करीत असतो आणि आपल्याला मागचे काही आठवत नाही. अशा मुलाला कोणी शाळेतून काढत नाही. ते आपणच येईनासे होते. चार दिवस येते, मागच्या भिंतीला टेकून बसते, मग शेळ्यांमागे जाते.

शिडीवर मात्र त्याची जागा राखलेली असते. कार्तिकात ज्या पायरीवर ते थांबले, त्याच पायरीवर ते चैत्रात किंवा पुढच्या जूनमध्ये बसते. वर्ग तिन्ही इयत्तांचा एकत्र असल्यामुळे खाली उतरविल्याची लाज नसते. त्या पायरीवर दुसरी मुले असतातच, आणि कोणी मोठे मूल त्याच्या मदतीला असते. नापास हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही.

मराठी वाचकाला या विचाराची ओळख अगदीच नवी वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी ते वाढविले. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडी त्याच्या अंगणात न्यावी, आणि ते गुरे घेऊन कुरणात गेले असेल तर शाळाही कुरणात न्यावी, असे त्यांनी ठरविले. कुरणशाळा हा शब्द त्यांचाच. जे मूल शाळेच्या वेळेला बसत नाही, त्याच्याकरिता शाळेने आपली वेळ मोडावी, हा त्यांचा आग्रह होता. कन्नड शिक्षकांनी वेळेबरोबर क्रमही मोडला.

अन्नाची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. कर्नाटकातील शाळांतून दुपारचे शिजविलेले जेवण २००२ साली प्रथम सुरू झाले ते बिदर व कलबुर्गी धरून उत्तरेकडील सात जिल्ह्यांत. योजनेचे नाव 'अक्षर दासोह'. दासोह हा शब्द बाराव्या शतकातील शरणांचा, आणि बसवेश्वरांची कर्मभूमी कल्याण हीच आजचे बसवकल्याण. आपल्या कायकाचे फळ सर्वांच्या पंगतीला आणावे, असा त्याचा आशय. आठशे वर्षांपूर्वी त्याच मातीत रुजलेला शब्द आता शाळेच्या पंगतीत भात आणि सांबार यांबरोबर वाढला जातो, आणि सर्व जातींची मुले एका ओळीत जेवतात.

याचा अर्थ सारे ठीक चालले आहे असा मुळीच नाही. कार्डे फाटतात, हरवतात, आणि पेटीतील एक कार्ड गेले की शिडीची एक पायरीच मोडते. एका शिक्षकाच्या हाती चाळीस मुले असली की ताटांची व्यवस्था कागदावर राहते. पालकही कुरकुरतात. मुलाच्या हाती पुस्तक नाही, घरी पाठांतर नाही, मग ते शिकते काय, असे त्यांना वाटते. आणि गावात इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येऊ लागली की ही शंका अधिकच बळावते. सर्वांत अवघड वळण चौथीचे. तीन वर्षे जे मूल आपल्या गतीने चढले, त्याच्यासमोर एकाएकी सर्वांचे एकच पुस्तक येते. ते वळण बांधून काढण्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, हे स्पष्ट बोलणे भाग आहे. २०२५ च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा राज्यात सर्वांत शेवटी राहिला. शेकडा ४२ च्या आसपास विद्यार्थी उत्तीर्ण झाले. या भागासाठी राज्यघटनेत ३७१-ञ हे विशेष कलम आले, २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण-कर्नाटक झाले. पण दहावीच्या बाकावर बसणारे मूल पहिलीपासून घडत येते, आणि त्याच्या दहा वर्षांपैकी तीनच वर्षे शिडीची असतात. त्या तीन वर्षांच्या माथी सर्व अपयश मारणे न्यायाचे नाही. पुढच्या सात वर्षांत त्याला कोण विचारतो, हे पाहावे लागेल.

शाळेचे यश मोजताना बक्षिसे, ढाली आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. कोहिनूरच्या परिसरातील लहान शाळांत अशा वस्तूंची कपाटे क्वचितच असतील. तेथील शिक्षकाला जूनच्या पहिल्या आठवड्यात निराळाच हिशेब करावा लागतो : गेलेल्यांपैकी किती परत आले? तांड्यावरचे एखादे मूल उन्हाने रापलेले, उसाच्या पानांनी हात कापलेले, दारात घुटमळते. सोबती त्याला ओढून आत आणतात. शिक्षक ओरडत नाहीत, कोठे होतास असेही विचारीत नाहीत; ते कोणाला ठाऊक नाही? ते त्याला भिंतीपाशी नेतात आणि म्हणतात, कोठवर आला होतास, दाखव पाहू. मूल थोडा वेळ शिडीकडे पाहत राहते. मग हात उंच करून एका चित्रावर बोट ठेवते, आणि पेटीत कार्ड शोधू लागते.